एका गोळीची बोली

नवं पिनबॉल मशीन टेम्पोतून उतरवलं तेव्हा साडेचार फूट लांब होतं. दुसऱ्या रविवारी त्याचं पलीकडचं टोक भिंतीतून शेजारच्या आण्णासो टेलरच्या दुकानात निघालं, आणि मंडळाचा हॉल तेवढाच अरुंद झाला. भिंतीला तडा गेला नाही की गिलावा पडला नाही. लग्नाच्या मांडवात एखादी बाई अंग चोरून वाट देते, तशी भिंतीनं वाट दिली.

हे जयसिंगपुरात, पाचव्या गल्लीत घडलं. मंडळाचा हॉल म्हणजे पूर्वीची तंबाखूची वखार. दार उघडलं की अजूनही पहिल्या झटक्याला एक शिंक यायचीच. आत सात जुनी पिनबॉल मशिनं भिंतींना लावून ठेवलेली होती आणि दर रविवारी सकाळी नऊला चार माणसं येऊन त्यांच्यापुढे उभी राहत. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायचं तर, काचेखाली एक उतरता फळा असतो. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते, गोल बंपरांवर आपटत, दिवे लावत, घंटा वाजवत खाली येते. खेळणाऱ्याच्या हाताशी दोन फ्लिपर असतात, बोटभर लांबीची दोन वल्ही म्हणा. बटण दाबलं की ती उडतात आणि गोळीला परत वर धाडतात. दोन वल्ह्यांच्या मधून गोळी पडली की खेळ संपला. एवढंच. पण या चौघांना एवढं पुरत होतं.

चौघांत मशिनांची सगळी दुरुस्ती हेमलता शिरगुप्पे यांच्याकडे होती. वय एकसष्ट. नोकरीची तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, त्यातली सुरुवातीची ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, आणि दिवसभर लोकांना लोक जोडून द्यायचे. ‘बोला, मिरज लाइनवर आहे.’ लोक बोलायला लागले की आपण बाजूला व्हायचं. लग्न झालं नाही, किंवा केलं नाही. भावाच्या घरी माडीवरच्या खोलीत त्या राहत. निवृत्तीनंतर त्यांच्या फोनवर बँकेचे आणि विम्याचे तेवढे आवाज येत. रविवारी चार तास त्या मशीनपुढे उभ्या राहत आणि बाकीच्या तिघांच्या पाठी आपल्याकडे आहेत याचं त्यांना समाधान वाटे. पाठी का होईना, ओळखीच्या होत्या.

नवं मशीन आणलं शिरोळच्या कलगोंडा नरद्यानं. हा माणूस गुऱ्हाळांचे चरक दुरुस्त करायचा. त्यानं मशीन हॉलच्या मधोमध ठेवलं, पायांखाली पुठ्ठे सरकवले आणि म्हणाला, "एक गोळी खेळा. ती पडेपर्यंत मशीन तुमचं. पडली की सांगा, ठेवायचं का न्यायचं."

"एकाच गोळीवर ठरवायचं?" आडमुठे सरांनी विचारलं.

"एका गोळीत कळतंय," कलगोंडा म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

आडमुठे हे त्यांचं आडनाव. स्वभावानं ते तसे नव्हते, पण आडनावाला जागावं लागतं असं त्यांना कुठेतरी वाटत असावं. गणिताचे मास्तर, आता निवृत्त. मंडळाची नियमावली त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून दाराशी लावली होती. नियम तिसरा: खेळ चालू असताना खेळणाऱ्याशी कोणी बोलू नये. नियम नववा: नवं मशीन घ्यायला सर्व सभासदांची संमती हवी. त्यांनी खिशातून पाणसळ काढली, काचेवर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. बुडबुडा मधोमध होता. त्यांनी ती डावीकडे ठेवली, उजवीकडे ठेवली, उभी-आडवी फिरवली. बुडबुडा हलायचं नाव घेईना.

"याला उतारच नाही," ते म्हणाले. "सहा अंश हवा. हे पिनबॉल नव्हे, हे टेबल आहे."

"मला तर दोन्हीकडं उतार दिसतोय," दस्तगीर मुजावर म्हणाले. दस्तगीरभाई लेथवर चाळीस वर्षं काम केलेले कारागीर. मंडळाच्या सगळ्या गोळ्या त्यांच्या हातच्या आणि सगळे उच्चांकही त्यांचेच. त्यांनी काचेला गाल लावला, एक डोळा मिटला आणि फळ्यावरून लांबवर नजर टाकली. नेहमीच्या मशीनमध्ये अशी नजर लगेच पलीकडच्या कडेला लागते. दस्तगीरभाईंची लागेना. ते तसेच वाकून राहिले.

चौथ्या सभासद रेवती मगदूम, दातांच्या डॉक्टर. वयानं सगळ्यांत लहान, अडतीसच्या. त्यांनी मशीनवर टिचकी मारली आणि कान दिला. "आत मोकळं आहे," त्या म्हणाल्या. "छान मोकळं आहे."

पहिली गोळी कुणी सोडायची, यावर सगळ्यांनी दस्तगीरभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "ताईंनी सोडावी. पहिला दट्ट्या त्यांनी ओढलेला बरा. हात हलका हाय त्यांचा."

हेमलताबाईंनी दट्ट्या ओढला आणि सोडला. गोळी वर गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. घंटा वाजली, दुसरी वाजली, मग तिसरी, जरा लांबून. अकरा मिनिटं गेली. आडमुठे सर घड्याळ बघत होते, म्हणून अकरा मिनिटं हे नक्की.

तोवर मशीन हातभर लांब झालं होतं. ते कुणी वाढताना पाहिलं नाही. फक्त दस्तगीरभाई, जे मघाशी पलीकडच्या टोकाला उभे होते, ते आता टोकापासून हातभर अलीकडे होते आणि दोन्ही बाजूंची जुनी मशिनं हातभर जवळ आली होती.

"ताई, डावीकडनं आली," दस्तगीरभाई एकदम म्हणाले.

हेमलताबाईंची बोटं त्यांना कळायच्या आधीच हलली. डावं वल्हं उडालं, गोळीला लागलं आणि गोळी आल्या वाटेनं परत गेली. त्यांच्या अंगावर काटा आला. गोळी वाचली म्हणून नाही. आपल्याला कुणीतरी सांगितलं म्हणून.

"नियम तिसरा," आडमुठे सर म्हणाले.

"सर, ती दिसतच नाही येताना," हेमलताबाई म्हणाल्या. बोटं बटणांवरच होती.

"दिसत नसेल तर तो खेळाचा दोष आहे. आणि ते गुण बघा. आकड्यांचा फळा त्या टोकाला, खेळणारा या टोकाला. आपल्याला किती गुण झाले हे ज्याला कळत नाही, तो खेळतो कशासाठी?"

"तीनशे वीस झालेत," दस्तगीरभाई टोकाकडून म्हणाले.

"मी विचारलं नव्हतं," सर म्हणाले, आणि हॉलबाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. जाताना त्यांनी एवढं सांगितलं, की गोळी पडली की आपलं मत विरोधात धरावं. म्हणजे गोळी पडली की मशीन जाणार, हे त्या रविवारीच ठरलं. हेमलताबाईंनी ते ऐकलं आणि ठरवलं, गोळी पाडायची नाही.

मशीनची एक रीत चांगली होती. दिवा मालवला की गोळी जिथे असेल तिथे थांबायची आणि सकाळी दिवा लावला की तिथून पुढे निघायची. म्हणून संध्याकाळी घरी जाता येई. पण आता रविवार पुरेना. हेमलताबाई रोज येऊ लागल्या.

बातमी पसरली तशी आसपासची शौकीन मंडळी बघायला आली. सांगलीहून दोघे भाऊ आले, त्यांनी मशीनच्या बाजूनं चालत जाऊन चालत परत येऊन सांगितलं की बंपर फार सुंदर आहेत, पण पाय दुखतात. बेळगावचा एक गृहस्थ चिडला. तो म्हणाला, "हा खेळ नव्हे, ही वरात झाली." मग तोच दोन तास टेलरच्या दुकानात उभा राहून गोळी जाताना-येताना बघत राहिला आणि जाताना हेमलताबाईंना म्हणाला, "बाई, मी माझ्या मशीनवर एकटाच असतो." एवढं बोलून तो बसस्टँडकडे गेला. कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या बाईंनी आपल्या वहीत लिहिलं की खेळणाऱ्याला खेळ न दाखवणारं हे पहिलंच मशीन, आणि वही मिटून विचारलं, "इथं उभं राहून हाक दिली तर चालेल का?" त्यांना भिंतीजवळची जागा दिली. त्यांनी दिवसभर हाका दिल्या आणि शेवटच्या गाडीआधी सगळ्यांचे हात हातात घेऊन निघाल्या.

मशीन वाढत होतं आणि हॉल अरुंद होत होता. सुरुवातीला हिशेब सरळ होता, फुटाला फूट. पुढे हॉल काटकसर करू लागला आणि बोटभर रुंदीत एक अख्खी गल्ली निघू लागली. मशीन टेलरच्या दुकानातून सहाव्या गल्लीत गेलं, तिथून सातव्या. दर चार फुटांवर त्याला आपोआप पायांची जोडी येई, पुठ्ठ्यासकट. मोटारसायकली थोडा वळसा घेत. सातव्या गल्लीतल्या बायका काचेवर पापड वाळत घालू लागल्या, कारण खालून दिव्यांची ऊब लागे. गोळी जाताना पापड किंचित थरथरत, आणि त्या बायका, कुणी सांगितलं नसताना, एकमेकींकडे बघून म्हणत, "गेली." परत येताना म्हणत, "आली, आली, उजवीकडनं." ते ऐकून आण्णासो टेलर तोंडातली टाचणी काढून म्हणे, "उजवी." आणि भिंतीशी उभ्या रेवती मगदूम म्हणत, "उजवं, हेमाताई." रेवतीबाईंनी आपली पेशंटची खुर्चीच टेलरच्या दुकानात आणून ठेवली होती. पेशंटच्या तोंडात आरसा धरून त्या गोळीवर कान ठेवत. पेशंटची तक्रार नव्हती. दाढ काढताना लक्ष दुसरीकडे राहतं म्हणत.

दस्तगीरभाई मात्र टोकाबरोबर पुढे जात होते. बंपर टोकाला, गुणांचा फळा टोकाला, मग टोकाला कुणीतरी हवं, असं ते म्हणाले होते. आधी ते रोज जेवायला परत येत. मग एक दिवसाआड. मग त्यांच्या सुनेनं एका पिशवीत दोन सदरे, तंबाखूची डबी आणि दाढीचं सामान भरून पापडवाल्या बायकांकडे दिलं आणि बायकांनी ते काचेवरून पुढे सरकवलं.

हेमलताबाई अरुंद होत होत्या. दुखत नव्हतं. आधी बांगड्या निघाल्या, मग खांदे आत आले. आण्णासोनं ब्लाउजाचं माप घेतलं, दोनदा घेतलं आणि म्हणाला, "ताई, उंची हाय तेवढीच. बाकी घेरच न्हाई राहिला." त्यानं न विचारता जुने ब्लाउज आत शिवून दिले. हॉलमधली सात जुनी मशिनं आता भिंतीवरच्या कॅलेंडरांएवढी जाड राहिली होती. ती चालत मात्र होती. कधी वारा आला की त्यातलं एखादं फडफडे आणि आतून बारीक घंटा वाजे.

हेमलताबाई आता रात्रीही हॉलमध्येच राहत. भावजय डबा घेऊन यायची. दारातून आडवं होऊन आत यावं लागे, म्हणून ती दारातच थांबे आणि डबा उभा करून सरकवी.

"वन्सं, बारीक झालात हो."

"बारीक नाही गं. अरुंद."

"घरी कधी येणार राहायला? माडीवर धूळ साचलीय."

"गोळी खाली आली की."

"ती कधी यायची?"

आता गोळी सकाळी गेली की परवा दुपारी यायची. हेमलताबाई नुसत्या बटणांवर बोटं ठेवून उभ्या असत आणि लांबवरून हाक येण्याची वाट बघत. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या हाका दुसऱ्यांना पोचवल्या होत्या. आता ओळीनं उभी असलेली माणसं एक हाक त्यांच्यासाठी हातोहात आणत होती. ती पोचली की त्या दरवेळी, गोळी परत गेल्यावर, भिंतीकडे तोंड करून म्हणत, "मिळाली. आभारी आहे." रेवतीबाई ते आण्णासोला सांगत, आण्णासो बायकांना, बायका पुढे. कुठपर्यंत जात होतं कोण जाणे.

एका सोमवारी हाक आली नाही. दस्तगीरभाईंचा आवाज पापडवाल्या बायकांपर्यंत पोचेना. मशीन गल्ल्या संपवून उदगावच्या बाजूला उसाच्या शेतांत शिरलं होतं आणि तिथे हाक द्यायला कुणी नव्हतं. ऊस वाऱ्यावर वाजत होता, त्यात माणसाचा आवाज बुडून जाई.

"ताई, मला काही ऐकू येत नाही," रेवतीबाई म्हणाल्या. "बायकांनाही येत नाही. आण्णासो म्हणतो, गोळी मंगळवारी दुपारी यायला हवी."

"मग मंगळवारी बघू," हेमलताबाई म्हणाल्या. दिसत नाही आणि सांगायलाही कुणी नाही, अशी गोळी वाचत नाही.

पायरीवर बसलेले आडमुठे सर हे ऐकत होते. ते गेले सात आठवडे रोज पायरीवर बसत होते. आत येत नव्हते, घरीही जात नव्हते. ते उठले, धोतराचा सोगा झटकला, छत्री काढली आणि गल्लीच्या कडेनं, मशीनशेजारून, चालायला लागले. कुणाशी काही बोलले नाहीत. सातव्या गल्लीत बायकांनी त्यांना पाणी दिलं. शेवटच्या घरापुढून ते उसात शिरले आणि दिसेनासे झाले.

मंगळवारी दुपारी दीडच्या सुमारास भिंतीपलीकडून रेवतीबाईंचा आवाज आला. "हेमाताई. डावीकडून. सतरा अंश."

"काय म्हणालात?"

"सतरा अंश. निरोप तसाच आलाय. आणि वेग मध्यम, म्हणे."

हेमलताबाईंनी डावं बटण नेहमीपेक्षा जरा उशिरा दाबलं, सतरा अंशांना हवं तेवढंच. गोळी वल्ह्याच्या टोकाला लागली आणि अशी सरळ गेली की फळा शहारला.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "सरांना सांगा, आभारी आहे. आणि त्यांना विचारा, नियम तिसऱ्याचं काय."

उत्तर बुधवारी सकाळी आलं. रेवतीबाईंनी ते सरांच्याच चालीत सांगितलं. "ते म्हणतात, मी खेळणाऱ्याशी बोलत नाही. मी सातव्या गल्लीतल्या भगिनींशी बोलतो. त्या पुढे काय करतात, हा त्यांचा प्रश्न."

त्या दिवशी हेमलताबाई बऱ्याच दिवसांनी हसल्या. हसायला जागा कमी होती, तरी हसल्या.

पुढच्या आठवड्यात कलगोंडा नरदे आला. हॉलमध्ये यायला वाट नव्हतीच. दोन्ही भिंती हेमलताबाईंच्या कोपरांना टेकल्या होत्या. त्या मध्ये पुस्तकातल्या पानासारख्या उभ्या होत्या. कलगोंडानं दाराच्या फटीतून एक डोळा आत घातला.

"लईच लांब नेलंत," तो म्हणाला.

"वाईट झालं का?"

"वाईट न्हवं. मी एवढं लांब जाईल असं धरलं न्हवतं. ताई, आता हॉलचं बोटभरच उरलंय. एवढं संपलं की भिंतीला भिंत लागंल. गोळी पाडा. पडली की मशीन आखडतंय, हॉल सुटतोय, तुम्हीबी सुटता. मी टेम्पो आणलाय."

"आणि दस्तगीरभाई? सर?"

कलगोंडानं फटीतला डोळा काढून घेतला. "मशीन आखडताना टोकाला माणूस असला तर काय होतंय, ते मी बघितलेलं न्हाई. खोटं कशाला सांगू."

"गोळी कधी यायची आहे?" हेमलताबाईंनी स्वतःशीच म्हटलं.

"ते तुम्हालाच ठाऊक."

सहा दिवसांनी यायची होती. हेमलताबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि ट्रंक बोर्डावरचा जुना आवाज काढला, न ओरडता लांब जाणारा, प्रत्येक अक्षर सुटं. "जयसिंगपूर बोलतंय. निरोप दस्तगीर मुजावर यांच्यासाठी. हॉलची जागा संपत आली आहे. गोळी पाडली तर मशीन परत येईल, तुमचं काय होईल ते माहीत नाही. न पाडली तर माझं काय होईल ते माहीत आहे. तुम्ही सांगाल तसं करते. निरोप संपला."

रेवतीबाईंनी तो जसाच्या तसा पुढे दिला. आण्णासोनं शिवणयंत्र थांबवून पुढे दिला. बायकांनी पुढे दिला. मग ऊस, आणि मग ऐकू येईना.

पाच दिवस गेले. कलगोंडा टेम्पोत बसून राहिला. भावजय येऊन दारात उभी राही. डबा आत जाईना, म्हणून ती एकेक चपाती पत्रासारखी फटीतून टाके. "वन्सं," ती एकदा म्हणाली, "तुम्ही घरी असताना मी तुमच्याशी एवढं कधी बोलले नाही."

"आता बोलतेस ना," हेमलताबाई म्हणाल्या. "माडीवरच्या खिडकीत तुळशीला पाणी घालतेस का?"

"घालते."

"मग झालं."

सहाव्या दिवशी सकाळी निरोप आला. तो इतक्या तोंडांतून आला होता की त्याला सगळ्यांच्या बोलण्याची चव लागली होती, पण आत दस्तगीरभाईच होते. रेवतीबाई हळूहळू सांगू लागल्या.

"ताईंना सलाम सांगा. इथं नदी ओलांडून आलोय. बंपर आता घराएवढे झालेत. गोळी आपटली की आत दिवा लागतो, आत माणसं बसलेली दिसतात, हात करतात. गुण मोजायचं मी सोडलं, फळ्यावरच्या आकड्यांना जागा पुरंना. ताईंना म्हणावं, गोळी इथवर येती तेव्हा तिच्यात त्यांचा हात कळतो. माझ्या लेथवर एवढी वर्षं गोळ्या घडवल्या, पण गोळीत माणूस असतो हे मला इथं उभं राहून समजलं. त्याबद्दल मी ताईंचा आभारी हाय. माझी काळजी करू नये. मी परत यायला निघालेलोच न्हवतो. पाडायची का खेळायची, ते ताईंच्या हातावर सोडतो." रेवतीबाई थांबल्या. "एवढाच आहे. आणि सरांनी त्याला जोडलंय, की नियम नववा. माझं मत बदललं आहे. नोंद घ्यावी."

हेमलताबाईंना डोळे पुसायला हात वर नेण्याइतकी जागा नव्हती. पाणी सरळ गालावरून काचेवर पडलं.

"ऐकलं का, कलगोंडा?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं," तो फटीतून म्हणाला. "मग?"

"टेम्पो घेऊन जा. मशीन आमचं."

थोड्या वेळानं टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. त्याच वेळी भिंतींनी हॉलची उरलेली बोटभर जागा घेतली. कोपर बरगड्यांना लागले. हॉलमधली हवा उभी पट्टी होऊन त्यांच्या नाकासमोर राहिली आणि त्यांनी ती जपून घेतली. बटणांवरची बोटं मात्र मोकळी होती. तेवढी जागा मशीननं धरून ठेवली होती.

दुपारी हाक आली.

"हेमाताई, ऐका," रेवतीबाई म्हणाल्या. "सरांचा निरोप. नीट समजला नाही, पण तसाच सांगते. दोन."

"दोन काय?"

"विचारलं होतं आम्ही. ते म्हणाले, दोन म्हणजे दोन. एक डावीकडून, आठ अंश. एक उजवीकडून, आठ अंश. वेग सारखा."

"आपण एकच सोडली होती."

"हो."

सातव्या गल्लीतून बायकांचा आवाज आला, आली, आली. मग आण्णासोचा. फळा हलकेच थरथरू लागला. हेमलताबाईंनी काचेजवळ गाल नेला आणि एक डोळा मिटला. लांब, जिथे फळा बारीक होत होत रेघ होतो, तिथे दोन ठिपके चमकत होते. डावीकडची गोळी त्यांची होती; ती त्यांना लगेच कळली. उजवीकडची पलीकडून कुणीतरी सोडली होती. ती जवळ आली तसा तिच्यातला हात त्यांना जाणवू लागला, अनोळखी, हलका, जरा भित्रा.

त्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली.